जुन्या एसयूव्हीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत वापरलेल्या मोठ्या गाड्यांविषयी अलीकडे प्रसिद्ध झालेला लेख वाचला. दहा-बारा वर्षे जुनी एसयूव्ही नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळते, हे त्यातले निरीक्षण बरोबरच आहे. मात्र ती दारात आल्यानंतर पुढची चार-पाच वर्षे काय होते, याविषयी लेखात ‘देखभाल खर्च थोडा जास्त’ एवढे चारच शब्द होते. त्या चार शब्दांत न मावणारे बरेच काही मी अशाच एका गाडीपायी शिकलो आहे, म्हणून हे पत्र.

खरी मेख अशी आहे की गाडी जुनी झाली की तिची बाजारातली किंमत उतरते, पण टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा), इंजेक्टर (इंधन फवारणारी तोटी), गिअरबॉक्स किंवा एअर सस्पेन्शनचा (स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांचा) कॉम्प्रेसर यांची किंमत तिच्याबरोबर उतरत नाही. ती गाडी नवी असताना होती तिच्याच आसपास राहते आणि पुष्कळदा वाढते. म्हणजे विकत घेताना आपण छोट्या गाडीचे पैसे मोजतो आणि दुरुस्त करताना मोठ्या गाडीचे. शिवाय या गाडीचे वजन दीड ते सव्वादोन टन असल्यामुळे छोट्या गाडीत जे भाग सहज दीड-दोन लाख किलोमीटर टिकतात, तेच भाग, म्हणजे बुश, बॉल जॉइंट, ब्रेक डिस्क, चाकांची बेअरिंगे, येथे लवकर झिजतात आणि आकाराने मोठे असल्याने महागही पडतात.

माझी गाडी सात आसनांची, डिझेल, ऑटोमॅटिक, लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर) बांधलेली आणि चारही चाकांनी ओढू शकणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) आहे. मी घेतली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर दिसत होते. तेव्हापासून चार वर्षे मी प्रत्येक काम तारखेसह एका वहीत उतरवून ठेवले आहे. बेरीज केली तर दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक भरतो आणि त्यात इंधन, विमा व टायर धरलेले नाहीत. या रकमेतला जवळपास निम्मा भाग एकाच बिघाडाचा आहे आणि तो बिघाड सुरू झाला मुठीत मावेल एवढ्या प्लास्टिकच्या एका तुकड्यापासून.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला थर्मोस्टॅटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा (कूलंटचा) प्रवाह तापमानानुसार सोडणाऱ्या झडपेचे, घर असते. ते पूर्वी धातूचे असे. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे असते आणि वर्षानुवर्षे तापून-निवून ते ठिसूळ होते. गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी एका मेकॅनिकने टॉर्चच्या उजेडात मला त्या घराच्या सांध्यावर कूलंट झिरपून वाळल्याचा गुलाबी पापुद्रा दाखवला होता आणि हे बदलून घ्या असे स्वच्छ सांगितले होते. मी ते पुढे ढकलले. महिन्या-दोन महिन्यांनी टाकीत थोडे कूलंट ओतत राहिलो आणि गळती किरकोळ आहे अशी स्वतःची समजूत घालत राहिलो.

त्यानंतर एका थंड सकाळी लांबच्या चढावर गाडीतला हीटर एकाएकी गार हवा फेकू लागला. तापमानाचा काटा मधोमध होता, म्हणून मी हीटरचा दोष समजून गाडी तशीच पुढे रेटली. प्रत्यक्षात ते घर तडकून कूलंट रस्त्यावर सांडले होते, हीटरच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला पाणीच उरले नव्हते आणि ज्या सेन्सरने काटा हलवायचा तो पाण्याऐवजी नुसत्या वाफेत लोंबकळत चुकीचे तापमान सांगत होता. आधुनिक गाड्यांतला हा काटा मुळातच असा बसवलेला असतो की इंजिनाचे तापमान बऱ्याच अंशांनी खाली-वर झाले तरी तो मध्यावरून ढळत नाही, त्यामुळे तो हलला की प्रकरण हाताबाहेर गेले असे समजावे. माझ्या बाबतीत तो थेट लाल पट्ट्यात गेला. मी इंजिन बंद केले, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

गाडी टो करून नेल्यावर मेकॅनिकने आधी ऑइल भरण्याचे झाकण उघडून मला आत पाहायला सांगितले. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट तपकिरी, फेसाळ लगदा चिकटलेला होता. ऑइलमध्ये पाणी उतरल्याची ही खूण. दोन दिवसांनी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे धातूचे झाकण, उतरवले, तेव्हा त्याने त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टी व हेड यांच्यामधून फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचे) पाते अलगद सरकवून दाखवले. ॲल्युमिनियमच्या हेडला जो बाक साधारणपणे चालतो तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतला असतो. माझे हेड त्याच्या तिप्पट वाकले होते. मग हेड फेस करणे (घासून सपाट करणे), नवे गॅस्केट (हेडखालचा सांधा बंद ठेवणारा पातळ थर), नवे हेड बोल्ट (हे बोल्ट कसताना मुद्दाम ताणले जातात, त्यामुळे ते पुन्हा वापरता येत नाहीत), टायमिंगचे (पिस्टन व व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याचे किंवा चेनचे) काम, ऑइल, कूलंट आणि या सगळ्याची मजुरी असा तो हिशेब झाला. ज्या घरामुळे हे घडले त्याची किंमत त्या बिलाच्या पन्नासाव्या भागाइतकीही नव्हती.

म्हणून जुनी एसयूव्ही घेणाऱ्याला मी पहिल्यांदा कूलिंगकडे पाहायला सांगतो. कूलंटची व्यवस्था दाबाखाली चालते. सुमारे एक बारचा दाब राखणारे झाकण असल्यामुळे साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि कूलंट मिसळलेले त्याच्याही पुढे. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की हा सगळा फायदा जातो. रेडिएटरच्या दोन्ही कडांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि त्या धातूच्या गाभ्याशी जेथे वळवून बसवलेल्या असतात तेथे फुटतात. झाकण, थर्मोस्टॅट, नळ्या, वॉटर पंप आणि गरज भासल्यास रेडिएटर हे सगळे खरेदीनंतर लगेच एकदाच बदलून घेतले, तरी तो खर्च हेडच्या कामापुढे काहीच नाही. गॅस्केट गेले आहे की नाही अशी शंका असेल तर कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रावणाची नळी धरून पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रावण पिवळे पडते. विकणाऱ्याने ही चाचणी करू दिली नाही, तर त्यातूनही काय ते कळते.

दुसरा मुद्दा मजुरीचा आहे आणि माझ्या मते तो सुट्या भागांच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. एसयूव्हीच्या बॉनेटखाली जागा भरपूर दिसते, पण तिथे मोठे इंजिन, टर्बो, इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग), एसी आणि पॉवर स्टिअरिंगचा पसारा इतका दाटीवाटीने बसवलेला असतो की एखाद्या बोल्टपर्यंत हात पोहोचवण्यासाठी निम्मी गाडी उकलावी लागते. २००४ मध्ये आलेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ या गाडीच्या २.७ लिटर डिझेल इंजिनाचा टर्बो बदलताना अनेक गॅरेजांत संपूर्ण बॉडी चासीवरून वर उचलून घेतात, कारण खाली वाकून तासन्‌तास धडपडण्यापेक्षा ते सोयीचे पडते. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या डिझेल इंजिनात टायमिंगची चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे चेन वाजू लागली तर आधी इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवणे आले. अशा वेळी चेन किती महाग हा प्रश्न गौण ठरतो.

याच कारणाने शहाणा मेकॅनिक एक काम करताना शेजारचे दुसरे काम सुचवतो आणि आपल्याला वाटते की तो बिल फुगवतो आहे. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे ऑइल सील ही अगदी स्वस्त वस्तू आहे, पण तिच्यापर्यंत जायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, त्या वेळी हे सील आणि रिलीज बेअरिंग बदलले तर जादा मजुरी जवळपास लागत नाही. क्लचच्या मागे ड्युअल मास फ्लायव्हील असेल, आणि १९८५ पासून गाड्यांत येऊ लागलेले हे दोन तुकड्यांचे फ्लायव्हील आता डिझेल एसयूव्हीत सर्रास असते, तर इंजिन बंद करतानाचा खडखडाट आधी ऐकून ठेवावा. क्लचपेक्षा फ्लायव्हील महाग असते आणि महिन्याभराने पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे त्याहून महाग. टायमिंग बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून व मार्गावर धरणाऱ्या कप्प्या) आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप बदलायचा तो याच हिशेबाने.

बेल्टची मुदत कंपनीगणिक साधारणपणे ६० हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत वेगवेगळी आहे आणि किलोमीटर भरले नसले तरी वर्षे भरली की तो बदलायचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कमी चाललेली गाडी म्हणून जी कौतुकाने विकली जाते तिच्यात नऊ वर्षांचा रबरी पट्टा मूळचाच असू शकतो. बेल्ट तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिन बांधायलाच (पूर्ण उकलून दुरुस्त करायला) काढावे लागते. चेन असलेल्या इंजिनाला ही भीती नाही असे विक्रेते सांगतात, ते अर्धेच खरे आहे. चेन लांबते, तिचे प्लास्टिकचे गाइड झिजतात आणि ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात हे फार लवकर होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी प्रथम सुरू करताना तेथे उभे राहून कान द्यावा. दोन-तीन सेकंदांचा खळखळाट ऐकू आला तर सौदा पुढे नेण्याआधी चेनच्या कामाचा अंदाज काढावा. आपण पोहोचण्यापूर्वीच विक्रेत्याने इंजिन गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

डिझेल गाडीचा टर्बो हा सर्वांत जास्त बदनाम झालेला भाग. तो मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, त्याच्या टर्बाइनच्या बाजूचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि या सगळ्यात त्याचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइलची बारीक नळी काजळीने तुंबली की टर्बो मरतो. नवा टर्बो बसवताना तीच जुनी नळी ठेवली तर तोही मरतो. मात्र पिकअप गेला म्हणजे टर्बोच गेला असे नाही. माझ्या गाडीत एकदा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, स्कॅनरवर पी०२९९ हा कोड आला आणि एका गॅरेजने पाच मिनिटांत टर्बो बदलण्याचा सल्ला दिला. या कोडचा अर्थ ‘टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी’ इतकाच आहे. दाब का कमी आहे हे तो सांगत नाही. दुसऱ्या मेकॅनिकने इनटेकमध्ये धूर सोडला, तेव्हा इंटरकूलरच्या रबरी नळीला खालच्या अंगाला पडलेल्या बोटभर चिरेतून तो धूर शांतपणे बाहेर आला. नळी बदलली, दिवा गेला. त्या दोन सल्ल्यांच्या खर्चात तीसपटींहून अधिक फरक होता.

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१, तर डिझेल गाड्यांना २००४ पासून ज्या तपासणी-पोर्टची, म्हणजे स्कॅनर जोडायच्या खोबणीची, सक्ती झाली त्याने सामान्य मालकाचे मोठे भले केले आहे. साधा स्कॅनर स्वस्त असतो आणि प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाकडे तो असावा. पण कोड हा पत्ता असतो, निदान नव्हे. पी०४२० आला की कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) बदला, पी०४०१ आला की ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) बदला, अशा पद्धतीने चालणारी गॅरेजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधत असतात. आणखी एक सावधगिरी सांगायची तर, खरेदीच्या आदल्या दिवशी कोड पुसून टाकता येतात. तसे केले असेल तर स्कॅनरमधल्या स्वयंतपासण्या अपूर्ण असल्याचे दिसते. मग गाडी थोडी जास्त चालवून पाहण्याचा आग्रह धरावा.

इंधनाच्या बाजूने पाहिले तर कॉमन रेल (सर्व सिलिंडरांना एकाच दाबनळीतून डिझेल पुरवणाऱ्या पद्धतीचे) इंजेक्टर १,६०० ते २,००० बार दाबाखाली काम करतात. गाडीच्या टायरमधला दाब अडीच बारच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की इतक्या दाबाखाली डिझेलमधल्या पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण काय उत्पात करत असेल याची कल्पना येते. इंधन फिल्टर वेळेवर बदलणे ही त्यावरची सर्वांत स्वस्त युक्ती. इंजेक्टर खराब आहे असे वाटले तर चारही एकदम बदलण्यापूर्वी त्यांची परतीची गळती (न फवारता परत जाणारे डिझेल) मोजून घ्यावी, म्हणजे दोषी कोण ते समजते. इंजेक्टरच्या बुडाचे तांब्याचे वॉशर गळत असेल तर त्याच्याभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. वर्षभर दुर्लक्ष केल्यास इंजेक्टर हेडमध्ये असा घट्ट बसतो की तो ओढून काढण्याचे कामच स्वतंत्र खर्चाचे होते.

ईजीआर आणि काजळीचा फिल्टर यांच्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यांच्या तक्रारींचे मूळ बहुधा वापरात असते. हा फिल्टर गाड्यांत नियमितपणे येऊ लागला तो २००० साली प्युजो ६०७ पासून. त्यात साचलेली काजळी जाळून टाकायला सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि ते दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत कधीच गाठले जात नाही. फिल्टर साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते, गाडी मध्येच बंद केली की त्यातले काही सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वाढते. ऑइल वाढले म्हणून आनंद मानू नये. रोज शाळा, मंडई आणि कचेरी एवढ्याच फेऱ्या करायच्या असतील तर या काळातली मोठी डिझेल गाडी घेऊच नये, असे माझे मत आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबाबत मी जरा कडक बोलणार आहे. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे लिहिलेले असते. कोणाच्या आयुष्यभरासाठी, हे मात्र लिहिलेले नसते. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलण्याची शिफारस करते, आणि तिचेच गिअरबॉक्स वापरणाऱ्या गाड्यांच्या पुस्तिका गप्प असतात. हे ऑइल जळकट वास मारत असेल, काळपट झाले असेल, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आचका देत असेल किंवा रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंद विचार करत असेल, तर तो गिअरबॉक्स आपल्या खर्चाने बांधावा लागेल असे गृहीत धरूनच किंमत बोलावी. येथेही कूलिंग आडवे येतेच. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये जाते आणि क्लच प्लेटांवरचे घर्षणाचे अस्तर सुटू लागते. रेडिएटर दहा वर्षांचा झाला असेल तर तो बदलणे किंवा ऑइलचा वेगळा कूलर बाहेर बसवणे हा गिअरबॉक्सचा विमाच आहे.

चारही चाके ओढणाऱ्या गाडीत खर्चाची आणखी एक खाण असते, ती म्हणजे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), दोन डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), प्रोपेलर शाफ्ट आणि त्यांचे जॉइंट. यातले ऑइल कोणी बदलत नाही, कारण त्याची कोणाला आठवणच राहत नाही. पण याहून नकळत होणारे नुकसान टायरमुळे होते. सुमारे ७६० मिलिमीटर व्यासाचा नवा टायर आणि चार मिलिमीटर झिजलेला त्याच मापाचा टायर यांच्यात दर किलोमीटरला चारेक फेऱ्यांचा फरक पडतो. सतत चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा फरक मधल्या कपलिंगला किंवा डिफरन्शियलला अखंड पचवावा लागतो आणि तो तापत राहतो. म्हणून एक टायर फाटला की पुष्कळदा चारही घ्यावे लागतात. विक्रीला आलेल्या गाडीला चार वेगळ्या बनावटीचे टायर दिसले, तर मालकाने बाकीची काळजी कशी घेतली असेल याचा वेगळा पुरावा शोधायची गरज नाही. ज्या गाडीत चारचाकी ओढ हवी तेव्हाच जोडायची असते आणि मध्ये डिफरन्शियल नसते, ती कोरड्या डांबरी रस्त्यावर त्या स्थितीत चालवली तर पूर्ण व्यवस्थेला पीळ बसतो. मोकळ्या जागेत पूर्ण वळण घेऊन पाहिले तर तो हाताला जाणवतो.

सस्पेन्शन आणि ब्रेक यांचा खर्च होतोच, पण तो आधी सांगून येतो आणि हप्त्याहप्त्याने करता येतो, म्हणून मी त्याला फारसे घाबरत नाही. खड्ड्यावरून जाताना ठक्क आवाज येणे, स्टिअरिंग हलके भरकटणे, वेग वाढल्यावर घुमणारा आवाज एका बाजूला वळताना कमी होणे, ही अनुक्रमे बुश-लिंक, टाय रॉड आणि चाकाच्या बेअरिंगची लक्षणे आहेत. ब्रेक फ्लुइड मात्र दोन वर्षांनी बदलावेच. ते हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तो पाणी मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो आणि दोन टनांची गाडी लांबच्या उतारावर ब्रेक मारत आणताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

एअर सस्पेन्शनची गोष्ट निराळी. रबरी फुग्यांना भेगा पडतात, हवा हळूहळू निसटते, कॉम्प्रेसर ती भरत राहतो आणि सतत चालण्यासाठी बनवलेला नसल्याने जळतो. म्हणजे फुगा वेळेवर न बदलल्याबद्दल कॉम्प्रेसरचाही भुर्दंड. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करावी, चारही चाकांवरच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवावी आणि सकाळी पुन्हा मोजावी. विकणारा ओळखीचा असेल तरच हे शक्य होते, पण शक्य असेल तेथे जरूर करावे.

गंज दिसतो तो बॉडीवर, पण बाधतो तो फ्रेमवर. लॅडर फ्रेमचे नळकांडे आतून गंजते आणि बाहेरून ताजे काळे अंडरकोटिंग चढवलेले असते. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या एक्सलच्या वर आणि स्प्रिंगांच्या बैठकींपाशी हलक्या हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी पोलाद खणखणते, सडलेले बद्द वाजते. फ्रेम गेलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. गंजाचा छुपा खर्चही असतो. प्रत्येक बोल्ट आटे गेलेला किंवा मध्येच तुटणारा निघाला की तासाभराचे काम दिवसाचे होते.

पैशांशी ज्याचा संबंध नाही अशी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत जाते आणि अपघाताच्या वेळी इन्फ्लेटरचे (एअरबॅग फुगवणाऱ्या डबीचे) धातूचे कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येऊ शकतात. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवले गेले आणि ती कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या काळातल्या कित्येक एसयूव्ही आजही हातोहाती विकल्या जात आहेत. गाडीचा १७ अक्षरी चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून असे कोणतेही काम राहिले आहे का ते पाहता येते आणि ते काम फुकट होते. संपूर्ण पत्रात फुकट म्हणण्यासारखे एवढेच.

मग जुनी एसयूव्ही घ्यावी की नाही, असे मला अनेक जण विचारतात. मी स्वतः पुन्हा घेईन. मात्र हातात असलेल्या सगळ्या रकमेची गाडी घेणार नाही. निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवीन. सर्वांत कमी किलोमीटरवाली गाडी शोधण्यापेक्षा सर्वांत जाड बिलांची फाइल असलेली गाडी शोधीन. ज्या मालकाने नुकतेच टायमिंग, रेडिएटर आणि गिअरबॉक्सचे ऑइल केले आहे, त्याला बाजारभावापेक्षा थोडे अधिक देण्यात तोटा नाही, कारण ते पैसे त्याने आपल्याऐवजी भरलेले असतात. आणि खरेदीपूर्वी स्वतःच्या पसंतीच्या मेकॅनिककडून दोन तास तपासणी करवून घेईन, मग विकणाऱ्याचा चेहरा कितीही सज्जन असो.

आपल्या पुरवणीकडून एक अपेक्षा आहे. वापरलेल्या गाडीचे परीक्षण छापताना तिच्या बाजारभावाशेजारी त्या वयात येणारी ठरलेली कामे, त्यांना लागणारे मजुरीचे तास आणि कोणत्या कामासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो एवढी माहिती एका छोट्या चौकटीत द्यावी. सनरूफ आहे का आणि पडदा किती इंचांचा आहे, यापेक्षा वाचकाला तिचा उपयोग अधिक होईल. अशी चौकट तयार करण्यासाठी माझी वही उपयोगी पडणार असेल तर ती पाठवण्यास मी तयार आहे. तिच्या पानांवर ऑइलचे डाग आहेत, तेवढे चालवून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक